वैश्विक किरणांच्या दुर्बिणीचा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बीएस्सीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांपुढे हा विषय काढला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, त्यामुळे माझा ओढा आकाशापेक्षा सर्किटकडे जास्त आहे. कृष्णविवरं अन् सुपरनोव्हा हवे असतील तर इथे थोडी निराशा होईल.

हा कॅमेरा वैश्विक किरणांचा फोटो काढतो का?

किरणांचा नाही, त्यांनी हवेत पाडलेल्या उजेडाचा. दुर्बिणीचा मोठा आरसा तो उजेड गोळा करून समोरच्या कॅमेऱ्यावर टाकतो. व्हिक्टर हेस यांनी 1912 साली बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर जाऊन दाखवलं की वर जावं तसं प्रारण वाढत जातं, म्हणजे ते अवकाशातून येतंय. हे किरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. असा एखादा प्रोटॉन किंवा उच्च ऊर्जेचा गॅमा फोटॉन (प्रकाशाचाच कण) वातावरणात घुसला की वरच्या हवेतल्या अणुकेंद्रकांशी त्याची गाठ पडते आणि कणांची सर तयार होते: एकाचे दोन, दोनाचे चार असं करत लाखो कण. त्यातले विद्युतभारित कण हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावतात, आणि तसं झालं की निळसर प्रकाश निघतो. पावेल चेरेन्कॉव्ह यांनी 1934 मध्ये तो द्रवांमध्ये पाहिला. 1958 चं नोबेल त्याबद्दलच होतं.

हवेत हा प्रकाश कणाच्या दिशेशी जेमतेम एक अंशाचा कोन करून खाली येतो. जमिनीवर त्याचं सुमारे 120 मीटर त्रिज्येचं वर्तुळ पडतं आणि सगळा मामला काही नॅनोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागांत) आटोपतो. 1 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे 1 लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणासाठी त्या वर्तुळात दर चौरस मीटरला शंभरेक फोटॉन मिळतात. कॅमेऱ्याला भांडवल एवढंच. पण वर्तुळात कुठेही दुर्बीण असली तरी तिला ही सर दिसते. त्यामुळे एकच दुर्बीण हजारो चौरस मीटरचं जाळं टाकल्यासारखं काम करते. उपग्रहावरच्या उपकरणाला एवढं क्षेत्रफळ कुठून आणणार?

"सर, मोबाईलला पन्नास मेगापिक्सेल अन् यात फक्त हजार पिक्सेल? असं काऊन?"

कारण टिपायचं चित्र मुळातच ढोबळ आहे. गॅमा किरणाची सर कॅमेऱ्यावर लांबट अंडाकृती ठिपक्यासारखी उमटते. रुंदी 0.1 ते 0.2 अंश, लांबी त्याच्या दुप्पट-तिप्पट. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यावरून अंदाज घ्या. 0.1 अंशाहून बारीक पिक्सेल केले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन फोटॉन येतील आणि सर्किटचा खर्च मात्र चौपट होईल.

लडाखमध्ये हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या मेस दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात 1088 पिक्सेल आहेत, प्रत्येक 0.125 अंशाचा. नामिबियातल्या हेस प्रकल्पाच्या पहिल्या चार दुर्बिणींना प्रत्येकी 960 होते. ला पाल्मा बेटावरच्या मॅजिकला 1039. ॲरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीचा कॅमेरा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फक्त 37 पिक्सेलचा होता.

मोबाईलमधला पिक्सेल वाटीत पाणी साठवावं तसा प्रकाश साठवत बसतो. इथला प्रत्येक पिक्सेल म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर, स्वतःचा डिस्क्रिमिनेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर गेला का ते पाहणारं सर्किट) आणि स्वतःची स्मृती असलेलं एक पूर्ण मोजयंत्र. हजार पिक्सेल म्हणजे हजार ऑसिलोस्कोप शेजारीशेजारी लावल्यासारखे आहेत, आणि बिलही त्याच हिशेबाने येतं.

खगोलछायाचित्रणाचा चांगला सीसीडी, म्हणजे प्रकाश साठवणारी चिप, लावला तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कॅमेऱ्याचं अख्खं डिझाइन याच्या उत्तरातून निघतं, म्हणून आकडेमोड करूनच पाहू.

अमावास्येचं आकाशही काळं नसतं. तारे, वातावरणाची स्वतःची दीप्ती, धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असं सगळं असतंच. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीत या पार्श्वप्रकाशामुळे एका पिक्सेलमध्ये सेकंदाला 10 कोटींच्या घरात फोटोइलेक्ट्रॉन, म्हणजे फोटॉन पडल्यावर सुटणारे इलेक्ट्रॉन, निघतात. सीसीडीचं एक्स्पोजर सेकंदाचा शंभरावा भाग धरा. तेवढ्या वेळात आकाशाने 10 लाख फोटोइलेक्ट्रॉन भरले, आणि त्यांची नैसर्गिक चढउतार वर्गमुळाइतकी, म्हणजे 1000 झाली. आपल्या सरीने त्या पिक्सेलला दिले समजा 20. हजाराच्या गोंधळात वीस कुठे दिसणार?

आता मोजणीची खिडकी, म्हणजे मोजायचा वेळ, 5 नॅनोसेकंदांची करा. आकाशाचा वाटा सरासरी अर्ध्या फोटोइलेक्ट्रॉनवर येतो. तुमचे वीस मात्र जसेच्या तसे, कारण ते सगळे त्या 5 नॅनोसेकंदांतच आले होते. तेच आकाश, तोच आरसा. वेळ तेवढी कापली. या कॅमेऱ्याचा कस मेगापिक्सेलवर लागत नाही, नॅनोसेकंदावर लागतो. ज्याला हे पटलं त्याला पुढची निम्मी उत्तरं स्वतःच देता येतील.

पीएमटी घ्यावी की सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर?

यावर लोक तावातावाने भांडतात. दोन्ही बाजू मांडतो.

पीएमटी म्हणजे निर्वात काचेची नळी. फोटोकॅथोडवर फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि पुढचे डायनोड त्याचे हजारो-लाखो करतात. वेगवान, मोठ्या क्षेत्रफळाची अन् पन्नास-साठ वर्षं वापरात मुरलेली वस्तू. तिचा फोटोकॅथोड निळ्या-अतिनील प्रकाशाला जास्त दाद देतो आणि लाल रंगाकडे जवळपास दुर्लक्ष करतो. चेरेन्कॉव्ह प्रकाश निळ्याकडे झुकलेला, तर रात्रीच्या आकाशाचा उपद्रव लाल बाजूला जास्त. त्यामुळे हा स्वभाव फुकटात मिळालेल्या फिल्टरसारखा उपयोगी पडतो. तोटे म्हणजे हजार व्होल्टच्या आसपासचा दाब, नाजूक काच, चुंबकीय क्षेत्राचा त्रास आणि जास्त उजेडात झिजणारे डायनोड. म्हणून या दुर्बिणींत पीएमटीचं वर्धन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचे किती करायचे तो आकडा, मुद्दाम कमी, काही दहा हजारांच्या पातळीवर ठेवतात आणि उरलेलं काम ॲम्प्लिफायरवर सोपवतात.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर म्हणजे नखाएवढी चिप. तिला काही दहा व्होल्ट पुरतात, अन् चुंबकाचं वावडं नाही. चांदण्यात उघडी ठेवली तरी ती मरत नाही. ला पाल्मावरच्या फॅक्ट दुर्बिणीने 2011 पासून 1440 पिक्सेलचा असा कॅमेरा चालवून दाखवला, तोही पौर्णिमेच्या आसपासच्या रात्रींत. पण ही चिप लाल प्रकाशही आवडीने खाते, तिच्यातले शेजारी कप्पे एकमेकांना खोटे इशारे देतात, आणि तापमानाच्या बाबतीत ती भलती लहरी आहे.

ही लहर किती, ते नागपूरकरांना पटकन कळेल. काही चिपांचा ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावरच चिप वर्धन देते तो व्होल्टेज, अंशामागे 54 मिलिव्होल्टने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर जुळवलेली चिप मे महिन्यात 45 अंशांवर चालवली तर फरक 35 अंशांचा, म्हणजे जवळपास 1.9 व्होल्ट. चिप ब्रेकडाउनच्या वर फक्त तीनेक व्होल्टवर चालते, त्यातले 1.9 गेले तर वर्धन निम्म्याहून खाली येतं. शिवाय अंधारातले खोटे स्पंद दर आठ-दहा अंशांना दुपटीने वाढतात. म्हणून प्रत्येक चिपच्या पाठीशी तापमापक आणि व्होल्टेज सावरणारं सर्किट लागतंच.

माझं मत विचाराल तर लहान आरसा, पुष्कळ दुर्बिणी अन् चांदण्यातही काम करायचं असेल तर सिलिकॉन. वीस मीटरच्या वरचा आरसा आणि कमी ऊर्जेच्या मंद सरी पकडायच्या असतील तर अजून पीएमटी. नव्या चेरेन्कॉव्ह टेलिस्कोप ॲरेमध्येही साधारण हीच वाटणी आहे: 23 मीटरच्या दुर्बिणींना 1855 पीएमटी, छोट्या दुर्बिणींना सिलिकॉनचे 2048 पिक्सेल.

पिक्सेलच्या तोंडाशी ते षटकोनी नरसाळं कशाला?

पीएमटीचं तोंड गोल असतं. गोल नळ्या शेजारीशेजारी रचल्या की मध्ये जागा सुटते अन् तिथला प्रकाश वाया जातो. षटकोनी तोंडाचा चकचकीत शंकू तो गोळा करून आत सोडतो. दुसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही. शंकूची वक्रता अशी ठेवतात की फक्त आरशाच्या दिशेने आलेला प्रकाश आत जावा. आरशाच्या कडेपलीकडून, म्हणजे जमीन, बर्फ किंवा वाळूवरून आलेला उजेड तो परत फिरवतो.

इतका प्रकाश सतत येतोय, तर नोंद कधी करायची हे कॅमेरा कसं ठरवतो?

ट्रिगर, म्हणजे ‘आता नोंद कर’ असा इशारा देणारं सर्किट. मला विचाराल तर डिझाइनमधला सगळ्यात रंगतदार भाग. मारबतीच्या गर्दीत हजार लोक आपापल्या तालात टाळ्या वाजवताहेत, आणि तुम्हाला एकमेकांना खेटून उभे असलेले चौघे नेमके एकाच क्षणी वाजवतात तेव्हाच कान टवकारायचे आहेत, असं समजा.

आकड्यांत बघू. समजा उंबरठा (सिग्नल किती मोठा झाला की पिक्सेलने ओरडायचं ती पातळी) असा लावला की पार्श्वप्रकाशामुळे प्रत्येक पिक्सेल सेकंदाला 1 लाख वेळा उगाच ओरडतो, आणि खिडकी 5 नॅनोसेकंदांची आहे. ठरावीक तीन शेजाऱ्यांनी योगायोगाने एकत्र ओरडण्याचा दर तिघांच्या दरांचा गुणाकार, गुणिले खिडकीचा वर्ग, गुणिले तीन: सेकंदाला 0.075. हजार षटकोनी पिक्सेलमध्ये असे तिघांचे कंपू दोन हजारांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दीडशे खोट्या घटना. आता अट चौघांची करा. एका कंपूचा दर 20 हजार सेकंदांत एकदा इतका घसरतो. असे कंपू तीनेक हजार धरले तरी अख्ख्या कॅमेऱ्यात सहा-सात सेकंदांत एखादीच खोटी घटना. एक शेजारी वाढवला अन् गोंगाट हजारपटीने खाली आला!

मग पाच का नाही, सहा का नाही? कारण कमी ऊर्जेच्या सरी तेवढे पिक्सेल भरतच नाहीत. अट कडक केली की त्या गळतात. उंबरठा, शेजाऱ्यांची संख्या आणि खिडकी या तीन गोष्टींत ओढाताण चालू राहते. आरशाचा आकारही तिथे डोकावतो. गोलाकार चौकटीवर बसवलेल्या डेव्हिस-कॉटन रचनेत कडेचा अन् मधला प्रकाश काही नॅनोसेकंदांच्या फरकाने पोचतो. पॅराबोलाच्या आकाराच्या आरशात तो एकत्र पोचतो, म्हणून मोठ्या दुर्बिणी पॅराबोलाकडे झुकतात. मेसमध्ये ट्रिगरचा निर्णय मधले 576 पिक्सेल घेतात. बाहेरचे फक्त चित्र पूर्ण करतात.

निर्णय होईपर्यंत सिग्नल निघून नाही का जात?

जातो, म्हणून तो धरून ठेवावा लागतो. पूर्वी लांबच लांब केबलमधून फिरवून उशीर करायचे. आता प्रत्येक पिक्सेलमागे कपॅसिटरांची साखळी असलेली चिप असते. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेच्या डीआरएस-4 मध्ये दर वाहिनीला 1024 कपॅसिटर आहेत. नॅनोसेकंदाला एक नमुना या वेगाने चालवली तर मागच्या सुमारे एक मायक्रोसेकंदाचा इतिहास तिच्यात फिरत असतो. ट्रिगर झाला की साखळी थांबवायची, हवा तो तुकडा सावकाश वाचायचा अन् पुन्हा सोडून द्यायची. मेसच्या कॅमेऱ्यात 16 वाहिन्यांचं एकेक मॉड्यूल, अशी 68 मॉड्यूल आहेत. हे सगळं कॅमेऱ्याच्या पेटीतच बसतं. खाली ऑप्टिकल फायबरने फक्त डेटा उतरतो.

नोंदलेल्या घटनांत गॅमा किती आणि वैश्विक किरण किती?

गॅमा मूठभर. सेकंदाला काहीशे घटना नोंदल्या तर जवळपास सगळ्या प्रोटॉनच्या असतात. क्रॅब नेब्युलासारखा (फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष) ठळक स्रोत समोर असूनही त्यातून मिनिटाला काही गॅमा मिळतात. प्रोटॉनना आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात वळणं मिळालेली असतात, म्हणून त्यांची दिशा मूळ गाव सांगत नाही. गॅमा मात्र सरळ येतात, त्यामुळे वैश्विक किरणांच्या जन्मस्थानाचा माग त्यांच्यावरून काढायचा.

मायकेल हिलास यांनी 1985 मध्ये सुचवलं की चित्राला लंबवर्तुळ समजून त्याची लांबी, रुंदी आणि कल मोजावा. गॅमाचं चित्र सडपातळ अन् स्रोताकडे तोंड केलेलं, प्रोटॉनचं पसरट अन् तुटक. याच वाटेने व्हिपल गटाने 1989 मध्ये क्रॅबचे टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट गॅमा खात्रीने दाखवले.

कॅमेरा बरोबर मोजतोय हे कशावरून?

रोजच्या रोज समोरून ज्ञात तीव्रतेचा अतिनील झोत, एलईडीचा किंवा लेसरचा, मारून सगळे पिक्सेल सारखे करतात. पण त्याने फक्त कॅमेरा तपासला जातो. आरशावर धूळ बसली, एखादं पॅनेल सरकलं, तर ते यातून कळत नाही.

तिथे म्युऑन, म्हणजे सरीत तयार होणारा इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, धावून येतो. दुर्बिणीजवळून सरळ खाली जाणारा एकटा म्युऑन शेवटच्या काहीशे मीटरमध्ये जो प्रकाश सोडतो, त्याचं कॅमेऱ्यावर सुंदर कडं उमटतं. कड्याच्या त्रिज्येवरून किती प्रकाश यायला हवा ते गणिताने निघतं. किती आला ते कॅमेरा सांगतो. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे आरसा, शंकू, पीएमटी अन् सर्किट या सगळ्यांची मिळून कार्यक्षमता. मला यातली गंमत अशी वाटते की एरवी कचरा म्हणून फेकला जाणारा कण इथे मापपट्टी होतो.

मेस हानलेलाच का? विदर्भात जागा नव्हती?

हानलेची दुर्बीण 4270 मीटरवर आहे, नागपूर 310 मीटरच्या आसपास. उंचावर सर जवळ असते आणि हवेत प्रकाश कमी शोषला जातो, म्हणून कमी ऊर्जेचे किरणही पकडता येतात. शिवाय कोरडी हवा, काळंभोर आकाश आणि पावसाळ्याचा अडथळा कमी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झाकण उघडायची सोय नाही. 21 मीटर आरशाच्या या दुर्बिणीचं उद्घाटन 4 ऑक्टोबर 2024 रोजी झालं.

उंचीची किंमत कॅमेरा मोजतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के. विरळ हवेत पंख्याने गारवा नीट मिळत नाही, आणि उच्च व्होल्टेजच्या तारांमध्ये ठिणगी सहज उडते. खाली व्यवस्थित चालणारा कनेक्टर वर दगा देऊ शकतो. त्यामुळे अंतरं वाढवावी लागतात, इन्सुलेशन तगडं लागतं. शिवाय कॅमेरा आरशापासून 25 मीटर पुढे तोललेला असतो, तेव्हा वाढवलेला प्रत्येक किलो चौकटीला वाकवतो.

आपल्या बाजूचं बोलायचं तर पचमढी आहेच. नागपूरकर छिंदवाड्यावरून जिथे थंड हवा खायला जातात, तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 25 चेरेन्कॉव्ह दुर्बिणींची रचना चालवली होती, प्रत्येकीला सात आरसे. त्यात चित्र काढणारा कॅमेरा नव्हता. प्रत्येक दुर्बिणीला प्रकाश कधी पोचला याच्या फरकावरून दिशा काढायची. माउंट अबूच्या टॅक्टिक दुर्बिणीला मात्र 349 पिक्सेलचा कॅमेरा आहे.

अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेचा कॅमेरा असाच असतो का?

दिसायला भाऊबंद, पण काम वेगळं. तिथे चेरेन्कॉव्हऐवजी नायट्रोजनची प्रतिदीप्ती, म्हणजे सरीतल्या कणांनी चेतवलेल्या नायट्रोजनने सोडलेला प्रकाश, बघतात. ती 300 ते 400 नॅनोमीटरमध्ये, सगळ्या दिशांना पसरते, त्यामुळे अतिप्रचंड ऊर्जेची सर वीस-तीस किलोमीटरवरून बाजूने दिसते. सर कॅमेऱ्यावर रेघ ओढत मायक्रोसेकंदांत सरकते. म्हणून पिक्सेल 1.5 अंशाचे, संख्या 440, नमुना दर 100 नॅनोसेकंदांनी, अन् दृष्टिक्षेत्र 30 अंश रुंद. घाई कमी, पसारा मोठा. अमेरिकेत युटामध्ये 15 ऑक्टोबर 1991 रोजी याच पद्धतीने 3.2 गुणिले 10 चा 20 वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा कण नोंदला गेला. ज्यूलमध्ये ते पन्नासच्या आसपास, म्हणजे जोरात फेकलेल्या क्रिकेट बॉलची ऊर्जा एका कणात.

दिवसा कॅमेऱ्याचं काय करतात?

झाकण लावतात, आणि आरसा सूर्याकडे वळणार नाही असा उभा करतात. एवढा आरसा चुकून सूर्याकडे रोखला गेला तर केंद्रस्थानी जे असेल ते जळेल.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असं काही बनवता येईल का?

पूर्ण कॅमेरा नाही, पण त्याचा गाभा नक्की. 1952 मध्ये गॅलब्रेथ आणि जेली यांनी इंग्लंडमध्ये हारवेल इथे कचऱ्याच्या डब्यात 25 सेंटिमीटरचा आरसा अन् एक पीएमटी ठेवून सरींचा चेरेन्कॉव्ह प्रकाश पहिल्यांदा पकडला होता. म्हणजे साहित्याचं रडगाणं चालणार नाही.

तरी सुरुवात आकाशापासून करू नका. प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचे) दोन तुकडे उजेड न शिरणाऱ्या पेटीत एकावर एक ठेवा, प्रत्येकाला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर चिकटवा, आणि दोन्हींतून एकाच वेळी स्पंद आला तरच मोजा. तळहाताएवढ्या तुकड्यातून मिनिटाला पन्नासेक म्युऑन सहज जावेत. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक हा दर लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायर, कंपॅरेटर, मायक्रोकंट्रोलर नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतात. सिंटिलेटर अन् चिप मागवावी लागते. पीएमटी वापरणार असाल तर उच्च व्होल्टेज चालू असताना पेटी उघडायची नाही, हा नियम दारावर लिहा. हाताला झटका बसेल अन् नळीही जाईल.

हे जमलं की मग आरसा घेऊन पेंचला जा. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारताचं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. वनखात्याची परवानगी आधी, आरसा नंतर. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावरून हा प्रयोग होणार नाही. शहराच्या दिव्यांत पार्श्वप्रकाशाचा आकडा कुठल्या कुठे जातो.

कोणती शाखा घ्यावी?

भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, संगणक, कोणतीही. ॲनालॉग सर्किट नीट येणाऱ्यांची मात्र सगळीकडे टंचाई आहे.

आमच्या प्रोजेक्टमधला म्युऑन मोजणीचा दर अचानक दुप्पट झाला. नवा शोध लागला का?

बहुधा पेटीत उजेड शिरतोय. खोलीत अंधार करा, मोजणी चालू ठेवा अन् मोबाईलचा टॉर्च पेटीच्या कडांवरून हळूहळू फिरवा. जिथे आकडा उसळेल तिथे भोक आहे. केबल बाहेर येते ती जागा पहिली तपासा. नव्वद टक्के वेळा चोर तिथेच सापडतो. आधी ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर काळा कागद, त्यावर टेप असे थर द्या. साधी काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात वापरू नका. गच्चीखालच्या खोलीत तिचा गोंद पातळ होतो, दुपारनंतर कडा सुटतात, अन् संध्याकाळपर्यंत आलेख असा चढलेला असतो की कुणालाही वाटावं सूर्यावर काहीतरी घडलं.